ईयचोंब्याची रेघ

वहीच्या पानावर उमटलेली रेघ चार बोटं लांब होती आणि ती मी काढलेली नव्हती. रविवार होता, जेवायची वेळ होत आली होती. टेबलावर माझी प्रयोगशाळेची वही उघडी पडली होती, शेजारी अत्यांनी चिंचेने घासून लखलखीत केलेला ईयचोंबू होता, आणि ताटांना जागा हवी म्हणून मी तो नुसता ढकलला. अत्या म्हणजे माझ्या सासूबाई, त्रिपुरसुंदरी. तंजावरच्या मराठी घरांत सासूला अत्या म्हणतात. मिरजेहून आलेल्या मला ते तोंडात बसायला सहा महिने लागले. आणि ईयचोंबू म्हणजे कथलाचा गोल, जाड बुडाचा चंबू. शेजारपाजारचे ज्याला रसम म्हणतात ते आमच्या घरचं सार करायचं तर यातच, आणि यात केलं नाही तर ते सारच नव्हे, असं मी मद्रासमधल्या मैलापूरच्या या घरात पाऊल टाकल्यापासून ऐकत होते. तर चोंबू वहीवरून सरकला आणि मागे करडी रेघ राहिली. आधी वाटलं, पेन्सिलीची असेल. मग हात जागीच थांबला. चांगलं कथील कागदावर असं लिहीत नाही. शिसं लिहितं. मी इकडेतिकडे बघितलं, चोंबू उचलला आणि पानाच्या कोपऱ्यात दुसरी रेघ मुद्दाम काढली. तीही तितकीच छान उमटली. मी वही मिटली, पाण्याचे पेले मांडले आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून सांगितलं, की मला आज सार नको, पित्त झालंय.

मला पाचवा महिना होता. आणि गंमत म्हणा, थट्टा म्हणा, सबंध मैलापुरात शिशाची ज्याने धास्ती घ्यावी असं एकच माणूस होतं आणि ते मी होते. तीन वर्षं माझं काम तेच: उंदरांच्या माद्यांना पाण्यातून थोडं शिसं द्यायचं, त्यांची पिलं मोठी होऊ द्यायची आणि मग त्या पिलांच्या मेंदूत काय झालं ते पाहायचं. मेंदू म्हटलं की लोकांना विचार करणाऱ्या पेशी आठवतात. मला आठवतात त्यांच्या भोवतीच्या, झाडलोट करणाऱ्या, खाऊपिऊ घालणाऱ्या, राखण करणाऱ्या पेशी. त्यांना ग्लिया म्हणतात. त्यांतल्या सगळ्यांत लहान ज्या, त्या शांत असल्या की बारीक फांद्या पसरून आजूबाजूला चाचपत बसतात, आणि काही खुपलं की फांद्या आवरून फुगतात, चिडतात, आग लावतात. मेंदूचा दाह म्हणतात तो हाच. आमच्या प्रयोगशाळेला असं दिसत होतं की अगदी कोवळ्या वयात शिसं पोटात गेलं तर या पेशी चिडतात त्या चिडतातच. शिसं बंद केल्यावरही त्यांची पहिल्यासारखी गाढ शांती परत येत नाही, आणि पुढे साधं दुखणं आलं तरी त्या नको इतका थयथयाट करतात. हे मी परिषदेत मोठ्या तोंडाने सांगितलं होतं. टाळ्या घेतल्या होत्या. आणि घरी येऊन रोज दोन पळ्या सार भातावर ओतून, वर तिसरी पळी वाटीत घेऊन फुर्र करत प्यायले होते. तीन वर्षं. चिंच आणि शिसं शेजारी बसली की आंबटात शिसं कसं उतरतं हे मी तिसरीतल्या मुलालाही समजावून सांगू शकले असते. पण माझ्या डोक्यात शिसं होतं ते प्रयोगशाळेत, बाटलीत, लाल चिठ्ठी लावलेलं. आणि हे होतं घर.

सोमवारी मी तिरुमयिलै स्टेशनात उभी होते. उंच खांबांवरून जाणाऱ्या आमच्या या गाडीची स्टेशनं इतकी मोठी आणि इतकी रिकामी, की सकाळी फलाटावर उभं राहून खोकलं तरी आपलाच खोकला परत भेटायला येतो. पर्समध्ये कागदाच्या पुडीत चोंब्याच्या बुडाचा कीस होता. अत्या पूजेला बसल्या असताना मी तो चोरासारखा खरवडून घेतला होता. गाडी आली, मी खिडकीशी बसले, खाली बकिंगहॅम कालव्याचं काळं पाणी सुरू झालं आणि नेमकं त्याच क्षणी पोटात काहीतरी हललं. आधी वाटलं, गाडीचा हिसका. मग पुन्हा. आतून, कुणीतरी बोटाने हळूच टिचकी मारावी तसं. मी इतकी हरखले, की समोरच्या बाकावरच्या अनोळखी बाईकडे बघून हसले. तीही हसली. मी हसतच राहिले, आणि हसता हसता पुडी घट्ट धरलेला माझा हात घामाने भिजत होता. आनंद आणि भीती एकाच बाकावर मांडीला मांडी लावून बसतात हे मला तोवर माहीत नव्हतं. दोघांनाही उठवावंसं वाटेना. तारामणीला उतरायचं होतं, मी एक स्टेशन पुढे गेले.

चंद्रमौळी सर, माझे मार्गदर्शक, कमी बोलणारे. मी पुडी दिली आणि म्हटलं, एका ओळखीच्यांच्या भांड्याचा कीस आहे, शिसं आहे का बघायचंय. ते चष्म्यावरून माझ्याकडे, मग माझ्या पोटाकडे बघून म्हणाले, "ओळखीचे फार जवळचे दिसतायत." मग स्वतःच एका बाहेरच्या लॅबचं नाव लिहून दिलं, रक्तही देऊन ये म्हणाले. रक्ताचा निकाल आठ दिवसांनी मिळणार होता. मी परत येऊन सूक्ष्मदर्शकाशी बसले. आमची मोजणी आंधळी असते; काचेवर नुसता आकडा, कुठल्या पिलाने शिसं खाल्लंय आणि कुठल्याने नाही ते मोजणाऱ्याला कळू द्यायचं नाही. म्हणजे हात लबाडी करत नाही. एका हातात टकटक करणारं मोजयंत्र, डोळे भिंगाला, आणि समोर तपकिरी रंगात रंगवलेल्या त्या पेशी: ही शांत, ही शांत, ही फुगलेली. एरवी माझी या कामात तंद्री लागते. मला ते रांगोळी घालण्याइतकं आवडतं. त्या दिवशी प्रत्येक काच मला माझ्याच घरातली वाटत होती. फांद्या आखडलेली एक पेशी दिसली आणि मी यंत्र दाबायच्या ऐवजी तिला मनातल्या मनात म्हटलं, अगं, हो ना शांत. सबंध दिवसात चार काचा झाल्या. त्याही दुसऱ्या दिवशी रद्द केल्या.

शिसं रक्तात थोडे दिवस राहतं, पण हाडांत घर करून बसतं. कॅल्शियमच्या जागी गुपचूप बसतं, आणि बाई गरोदर राहिली, तिचं शरीर बाळासाठी हाडांतून कॅल्शियम काढू लागलं, की तेही बरोबर निघतं. म्हणजे सार बंद केल्याने सुटका नाही. मी दूध पिऊ लागले, नाचणीचं सत्त्व पिऊ लागले, आणि वेंकटकडे टक लावून बघू लागले. वेंकट, माझा नवरा, शोळिंगनल्लूरला सॉफ्टवेअरच्या कंपनीत आहे आणि त्याच्याइतकं विसराळू माणूस मी पाहिलेलं नाही. लग्न ठरल्यावर मी पहिल्यांदा मद्रासला आले तेव्हा सेंट्रल स्टेशनवर दीड तास उभी होते. हा तेवढाच वेळ एग्मोरला, दुसऱ्याच स्टेशनवर, मोगऱ्याचा गजरा घेऊन उभा होता. तो सुकलेला गजरा मी अजून ठेवलाय. त्याच्या त्या गोंधळामुळेच मी त्याच्या प्रेमात पडले असं म्हटलं तरी चालेल, कारण धापा टाकत आल्यावर त्याने सबब म्हणून काही सांगितलं नाही, नुसता "कीर्ती, मी मूर्ख आहे" एवढंच म्हणाला, आणि त्यात तमिळ हेल असा होता की ते गाण्यासारखं वाटलं. आता तोच गजरा मला पुराव्यासारखा दिसू लागला. हेल्मेट ऑफिसात, डबा बसमध्ये, वाढदिवस उद्या. हा याच घरात जन्मला, याच साराने मोठा झाला. मी त्याच्या लाघवी डोक्याभोवती मनातल्या मनात करडी रेघ ओढत होते, आणि स्वतःला शिव्या देत होते, आणि पुन्हा ओढत होते. तो म्हणाला, "असं काय बघतीस? मी काय विसरलो?" मी म्हटलं, काही नाही. त्याचा विश्वास बसला नाही. तो बिचारा जाऊन स्कूटरची किल्ली शोधून आला.

आणि मग मी स्वतःलाही सोडलं नाही. मिरजेला बाबांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. मी चार वर्षांची असताना त्यांच्या बाकाखाली बसायचे. डाग द्यायची तार, म्हणजे कथील आणि शिसं अर्धंअर्धं, मी दातांनी चावून चपटी करून द्यायचे. बाबा म्हणायचे, वा, कीर्तीच्या दाताला पकडच वेगळी. राळेचा गोडसर धूर यायचा, मग खरखर व्हायची आणि एकाएकी बंद रेडिओतून कुणीतरी बोलायला लागायचं, आणि बाबा माझ्याकडे असे बघायचे जणू ते मीच केलं. त्याहून मोठं सुख मला नंतर कुठे मिळालं असेल तर भिंगाखाली. आता प्रश्न पडला: माझा हा तापट स्वभाव, एका वाक्यावरून महिनाभर धुमसायची खोड, ही माझी की त्या तारेची? माणसाच्या डोक्यातून शिसं काढलं तर खाली कोण उरतं? बुधवारी मी बाबांना फोन केला आणि मध्येच विचारलं, मी ती तार फार चावायचे का हो? बाबा खदखदून हसले. "अगं, तुझ्या दातांचे ठसे असलेलं एक रीळ अजून ठेवलंय. गिऱ्हाइकांना दाखवतो." त्यांच्या हसण्याने मला इतकं बरं वाटलं की विचारायचं होतं ते विचारलंच नाही. उरेल जे कुणी उरायचं ते, असं म्हटलं आणि फोन ठेवला. पण स्वतःला सोडून देणं सोपं असतं. जे अजून जन्मायचंय त्याला कसं सोडून देणार? गुरुवारी सरांनी किसाचा निकाल दिला. शंभरात एकतीस भाग शिसं.

घरात मी कुणाला काही बोलले नव्हते, कारण तो चोंबू नुसतं भांडं नव्हता. माझे सासरे, रामस्वामी, रेल्वेच्या कचेरीतून निवृत्त झालेले; मी त्यांना मामा म्हणते. हयातीत खोटं बोलले नाहीत, उशिरा पोचले नाहीत, आणि पाहुणा आला की चोंब्याची गोष्ट सांगितल्याशिवाय त्याला हात धुवू दिले नाहीत. त्यांच्या आजीने तंजावरच्या पेठेत तळहातावर घासून, डाग उमटत नाही हे पारखून घेतलेला चोंबू. शेवटपर्यंत ताठ राहिलेल्या आजीचा. "एव्हरसिल्वरमधलं सार आणि ईयचोंब्यांतलं सार," ते म्हणत, "मी डोळे बांधून सांगीन." स्टीलला इथे एव्हरसिल्वर म्हणतात. आणि पाहुणे मान डोलावून चोंब्याकडे बघत. अत्यांकडे नाही, चोंब्याकडे. अत्या दाराआड उभ्या असत. तीन वर्षांत त्यांनी मला सगळं शिकवलं, पण साराच्या वेळी स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही. तेव्हा त्यांचं सोवळं असे, दार लोटलेलं असे, आणि आतून फोडणीचा आवाज आला की मी बाहेर बसून धुमसत असे: शेवटी मी परगावची, माझ्या हाताला विटाळ. या आठवड्यात मी उलट त्यांच्यावर रुसून बसल्यासारखी झाले. रोज सार पुढे यायचं, रोज मी पित्त सांगायचे. शुक्रवारी अत्यांनी आल्याचा रस आणून दिला. शनिवारी माझ्या पानात साराची वाटीच मांडली नाही, आणि ती मोकळी जागा बघून मला रडू आलं.

रविवारी बांध फुटला. सगळे बसलो होतो, चोंबू मधोमध, त्यातून मिरी-जिऱ्याचा तो वास येत होता ज्यासाठी मी आठ दिवसांपूर्वीपर्यंत प्रयोगशाळेतून धावत यायचे. अत्यांनी पळी माझ्या पानाकडे नेली आणि हळूच विचारलं, "आज तरी थोडं? बाळास तरी दे गो." आणि मी पळी हाताने अडवली, जोरात, सार टेबलावर सांडलं. मी वही आणली, उघडली, रेघ दाखवली आणि सगळं एका दमात बोलून टाकलं: शिसं, एकतीस भाग, हाडं, बाळ, उंदीर, सगळं. वेंकटचा घास हातात राहिला. मामा आधी काही समजले नाहीत आणि मग फार समजले.

"आमच्या आजीचं भांडं?" त्यांचा आवाज चढला. "तळहातावर घासून घेतलेलं भांडं! तुमच्या यंत्रांत खोट असेल, कीर्ती. त्या चोंब्यांत खोट नाही."

"मामा, मीपण घासूनच बघितलंय."

"चार पिढ्या जेवल्या त्यांत!"

अत्या उठल्या. आत गेल्या. मला वाटलं, संपलं. आता या बाई माझ्याशी जन्मात बोलणार नाहीत. आतून पेटी सरकवल्याचा आवाज आला. बऱ्याच वेळाने त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात जुन्या काठाच्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेलं काहीतरी होतं. त्यांनी ते माझ्यापुढे ठेवून सोडलं. एक चपटा, वेडावाकडा, चांदीसारखा गोळा, काठावर थेंब गोठलेले.

"हा तुमच्या आजीचा चोंबू," त्या मामांना म्हणाल्या. डोळे मात्र माझ्याकडे होते. "वेंकट पोटांत होता. मजही पाचवाच महिना. झोंप फार येत होती. पाणी वोतायचं विसरल्यें आणि रिकामाच चुलीवर ठेवल्यें. डोळा लागला. उघडला तोंवर हें जाहलेलं."

कथलाच्या भांड्याचं असंच आहे. आत पाणी असेल तोवर ते आगीवर राजासारखं बसतं. रिकामं ठेवलं की लोण्यासारखं खाली बसतं. या भागातल्या प्रत्येक सुनेला पहिल्या दिवशी हेच बजावतात.

"सासूबाई कोविलास, देवदर्शनास गेल्या होत्या. त्या यायच्या आंत मी गल्लींतल्या भांडेवाल्याकडनं तसाच दुसरा आणल्यें. घासून बघायचं सुचलं नाही गो. कुणास कळलं नाही. चौतीस वर्षं."

मामा गोळ्याकडे बघत होते. माझं लक्ष फक्त एका शब्दावर अडकलं होतं. चौतीस. म्हणजे वेंकट जन्मायच्या आधीपासून. म्हणजे सगळंच. माझा चेहरा त्यांना दिसला असावा, कारण त्या खुर्ची ओढून माझ्याजवळ बसल्या आणि माझं मनगट त्यांनी घट्ट धरलं.

"रडूं नको. ऐक. तूं त्यांतलं सार कधीं खाल्लीसच नाही."

"अत्या, तीन वर्षं रोज खातेय मी."

"हा चोंबू मी चुलीवर कधीं ठेवल्येंच नाही. एक दिवसही नाही. भीती! एकदां वितळला तें लपवल्यें, दुसऱ्यांदा कुठून लपवूं? सार एव्हरसिल्वरच्या गुंडींत करत्यें आणि पान वाढायच्या वेळेस ह्यांत वोतत्यें. उरलं की परत गुंडींत. म्हणून तर दार लोटत्यें. सोवळं कसलं आणि काय!" मग त्यांनी खाली बघितलं. "तूं शिसें नाही खाल्लीस, कीर्ती. तूं माझी लबाडी खाल्लीस."

सांडलेल्या साराचा ओघळ वहीपर्यंत आला होता. मग मामा फार हळू आवाजात म्हणाले, "अगो, मग ती ईयाची चव?"

"मज काय ठाऊक," अत्या म्हणाल्या. "तुमीच सांगत होतांत."

हसू मला आधी आलं. आठ दिवसांचं साचलेलं सगळंच हसू एकदम बाहेर पडू लागलं, आणि त्यात रडूही होतं, आणि मला ते वेगळं काढायची गरज वाटली नाही. वेंकट घाबरून माझ्याकडे बघत होता आणि मी त्याच्या गालाला हात लावून हसत होते, कारण मला एकाएकी कळलं होतं की हा माझा नवरा विसराळू आहे तो मुळातच विसराळू आहे, अस्सल, शंभर टक्के, त्यात कसलीही भेसळ नाही. माझ्या डोळ्यांसमोर त्या लोटलेल्या दाराआड चौतीस वर्षं उभी राहिली: एक बाई, एक स्टीलची गुंडी, आणि वाढायच्या आधीची ती घाईची दोन मिनिटं. आणि मी बाहेर बसून समजत होते की ते दार माझ्यासाठी लोटलंय! जीव भांड्यात पडला असं लिहायचं मनात येतं, पण या घरात भांडं कुठलं ते आधी विचारावं लागेल. मी गोळा उचलला आणि वहीच्या त्याच पानावर, त्याच रेघेखाली जोर लावून घासला. कागद कोराच राहिला. मामांच्या आजीने तंजावरच्या पेठेत बरोबर पारखलं होतं. मी पान मामांपुढे धरलं. त्यांनी ते बघितलं, ताटात पाणी सोडलं आणि उठून बाहेरच्या झोपाळ्यावर जाऊन बसले. अत्यांनी टेबल पुसायला घेतलं. मी त्यांच्या हातातलं फडकं काढून घेतलं आणि म्हटलं, गुंडीत उरलंय का सार? उरलं होतं. मी स्वयंपाकघरात, ओट्याशी उभी राहून, गुंडीतूनच तीन वाट्या प्यायले. दार सताड उघडं होतं.

सोमवारी रक्ताचा निकाल आला. दोन पूर्णांक आठ. घाबरावं असं कुणी म्हणणार नाही असा आकडा, आणि तरी मला ठाऊक आहे की शिशाच्या बाबतीत शून्याखेरीज कुठलाच आकडा निर्धास्त नसतो. त्यात चोंबू टेबलावर असायचा तेवढा वेळ असेल, मिरजेची तार असेल, या शहराची, शिसं घातलेल्या जुन्या पेट्रोलची हवा असेल. असू दे. मी कागद सरांना दाखवला. ते म्हणाले, "ओळखीच्यांना सांग, दूध चालू ठेवा." मग मी काचा घेऊन बसले. शांत, शांत, फुगलेली, शांत. मोजयंत्र टकटकत होतं, आतून मधूनच टिचकी येत होती, आणि मी दोन्हीकडे मिळून एक ताल धरला होता. एकोणीस काचा झाल्या. चोंबू मी सोबत आणला होता. तो आता प्रयोगशाळेच्या कपाटात आहे, लाल चिठ्ठी लावलेला. चिठ्ठीवर मी आमच्या सगळ्या नमुन्यांसारखा नुसता आकडा घातला, नाव नाही.

मामा मात्र आठवडाभर गप्प होते. रागावलेले नव्हते, वेळेवर जेवत होते, पेपर वाचत होते. पण चव घेताना क्षणभर डोळे मिटून काहीतरी शोधत, ते सापडत नसल्यासारखे दिसत, किंवा सापडत असल्यासारखे, आणि ते त्यांना आणखी अवघड वाटत असावं. अत्या त्यांच्यापुढे वाढताना पळी जरा दबकतच पुढे करत. आता सार सरळ गुंडीतूनच टेबलावर येत होतं, आणि चौतीस वर्षांनी दाराआडून बाहेर आलेल्या त्या बाईला आपले हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं. मला मामांवर ओरडावंसं वाटायचं. वेंकट म्हणायचा, थांब गो, अप्पांना वेळ लागतो. हे त्याला बरं आठवत होतं.

रविवारी वादिराज आले. मामांचे कचेरीतले जुने सोबती, कुंभकोणमचे, वर्षातून दोनदा येणारे, आणि दोन्ही वेळा साराच्या तीन वाढी घेणारे. अत्यांचा चेहरा सकाळपासून उतरला होता. मी आणि त्यांनी मिळून सार केलं; मिरी मी कुटली. पान मांडलं, भात आला, अत्यांनी पदराआड धरल्यासारखी गुंडी आणली आणि पटकन वाढून मागे सरकल्या. वादिराजांनी भातात खळगा केला, ओरपलं, आणि डोळे मिटून मान हलवली.

"आहा. रामस्वामी, जग बदललं, हें बदललं नाही. ईयचोंब्यांतलं सार तें ईयचोंब्यांतलं! दुसऱ्या कशास ही चव येईल काय?"

अत्या दाराच्या चौकटीशी पोचल्या होत्या, तिथेच थांबल्या. वेंकटने माझ्याकडे बघितलं. मामांनी घास खाली ठेवला. जन्मात खोटं न बोललेला माणूस खरं बोलण्याआधी इतका वेळ घेतो हे मी पहिल्यांदा पाहिलं.

"ईयचोंब्यांतलं नाही, वादिराज," ते म्हणाले. "कधींच नव्हतं." मग दाराकडे न बघता, पण दारापर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाले, "हिच्या हातचं आहे."

आणि त्यांनी वाटी पुढे केली. अत्या चौकटीला धरून उभ्या होत्या. मी गुंडी उचलून त्यांच्या हातात दिली, कारण वाढायचं त्यांनीच होतं.